बोलकी पाटी, अणदूर

अणदूर, 9 जून 2024

चि. हर्षाली हिस मामाचे आशीर्वाद.

पोस्टमन दारात बघून दचकली असशील. घाबरू नकोस, घरात सगळे ठीक आहेत. फोनवर बोलायला मला गळा नाही आणि फोनच्या काचेवर टाइप करायला बोटं नाहीत. कॅन्सरची औषधं घेतल्यापासून बोटांची कातडी इतकी कोरडी पडली, की मी काचेला हात लावला हेच फोनला कळत नाही. पेनाला मात्र अजून माझी ओळख आहे. म्हणून हे पत्र.

बार्शीच्या दवाखान्यात माझी स्वरपेटी काढली त्याला तीन वर्षं होत आली. तू तेव्हा भेटायला आली होतीस आणि मी तुझ्याशी पाटीवर खडूनं बोललो होतो. त्यानंतर पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं मशीन घेतलं. त्याचं नावच ‘बोलकी पाटी’. रबरी बटणांवर मराठी अक्षरं. वाक्य जुळवायचं, हिरवं बटण दाबायचं, की मशीन ते मोठ्यानं बोलतं. आवाज माझा नाही, कुणा पुणेकराचा आहे. मी ‘न्हाय’ लिहिलं तरी तो इतकं साफ बोलतो, की आपलीच भाषा इस्त्री करून आल्यासारखी वाटते. पण बोलतो! नळदुर्गच्या स्टँडवर चोवीस वर्षं कंट्रोलर म्हणून माइकवर गाड्या पुकारलेला माणूस मी. गप्प बसणं माझ्या नशिबात असेल, स्वभावात नाही. रोज संध्याकाळी पाटी गळ्यात अडकवून फाट्यावरच्या हॉटेलात जातो आणि चार माणसांत बसून तासभर वाद घालतो.

आता ती अडखळायला लागली आहे. चालू केली की पडद्यावर ठिपके फिरत बसतात. बंद-चालू करावी तेव्हा कधी उठते, कधी नाही. कंपनी बंद पडली, तिचा फोनही लागत नाही. नळदुर्गचा दुरुस्तीवाला म्हणाला, “मामा, मशीन ठणठणीत हाय. आतली सिस्टिम गेलीय. ती आता कुणाकडंच न्हाय. टाका भंगारात.”

तुझी आई सांगते, तू कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम बनवतेस. ती म्हणजे नेमकं काय, मला कळत नाही. पण सिस्टिम गेलीय म्हणे आणि तू ती बनवतेस म्हणे, तर म्हटलं विचारावं. जमत नसेल तर तसं लिही, मनाला लावून घेऊ नको.

तुझा
विरुपाक्ष मामा


बंगळुरू, 20 जून 2024

ती. मामांना शरणार्थ.

तुमचं अक्षर पाहून आधी लिफाफाच दोनदा वाचला. एसटीच्या फळ्यावरचं अक्षर अजून तसंच आहे.

जमेल की नाही, आज सांगत नाही. पण करून बघणार, हे नक्की. मशीन चालू झालं की त्यातला पडदा, बटणं, स्पीकर या सगळ्यांना कामाला लावणारा जो मुख्य प्रोग्राम असतो, ती ऑपरेटिंग सिस्टिम. जगभरातले लोक मिळून अशी एक खुली सिस्टिम लिहितात. तिचा मजकूर कुणीही घ्यावा, बदलावा, वापरावा. त्या लोकांत मीही आहे. नोकरी वेगळी, हे माझ्या आवडीचं काम.

अडचण एवढीच, की तुमच्या पाटीसाठीची सिस्टिम पाटीवर बसून तयार करता येत नाही. ती फार लहान आहे, तिचा जीव जाईल. ती माझ्या लॅपटॉपवर तयार करायची. पण लॅपटॉपच्या प्रोसेसरची भाषा एक आणि पाटीच्या प्रोसेसरची दुसरी. मी तयार केलेलं माझ्या लॅपटॉपला वाचताच येणार नाही, फक्त तुमच्या पाटीला वाचता येईल. याला क्रॉस-बिल्ड म्हणतात. तुम्ही नळदुर्गच्या केबिनमध्ये बसून कर्नाटकातल्या आळंदच्या गाडीची पाटी कन्नडमध्ये रंगवायचात ना, तसंच. वाचणारा प्रवासी आळंदचा, केबिनमधल्या बाकीच्यांना ती वाचता आली नाही तरी चालायचं. फक्त इथं एक अक्षर चुकलं तरी गाडी जागची हलत नाही.

पाटीची मागची बाजू उघडून आतल्या हिरव्या पट्टीचे फोटो मामीला काढायला सांगा. सगळ्यात मोठ्या काळ्या चौकोनावर काय छापलंय, ते स्पष्ट दिसू द्या.

तुमची
हर्षाली


अणदूर, 7 जुलै 2024

चि. हर्षाली,

फोटो मिळाले असतील. तुझ्या मामीनं टॉर्च धरला आणि तोंडानं देवाचं नाव घेतलं. मशीन उघडताना वाटली तेवढी भीती तिला माझ्या ऑपरेशनला वाटली नव्हती.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. अशी पाटी माझ्या एकट्याची नाही. बार्शीला माझ्या शेजारच्या खाटेवर भूम तालुक्यातल्या ईटचा बिरदेव म्हणून मेंढपाळ होता. त्याचंही तेच ऑपरेशन. त्याला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून त्याच्या पाटीवर अक्षरांऐवजी चित्रं आहेत. भाकरीचं चित्र दाबलं की ‘भूक लागली’, असं. त्यानं ती माझ्यानंतर वर्षानं घेतली. त्याच्या सुनेनं, दीपालीनं, फोन करून तुझ्या मामीला सांगितलं, की त्यांची पाटी तर बंदच पडली. म्हातारा खुणा करतो, समोरच्याला कळत नाही, मग काठी आपटतो. रानात मेंढरांमागं एकटा असतो.

त्याच्या पाटीचेही फोटो मागवून पाठवतोय. दोन्ही एकाच कंपनीच्या, तेव्हा एकाच कामात दोन्ही होतील असं वाटतं.

मामा


बंगळुरू, 4 ऑगस्ट 2024

ती. मामांना शरणार्थ.

दोन्ही फोटो बघितले. पाट्या बाहेरून जुळ्या बहिणी, आतून एकमेकींना ओळखतही नाहीत. कंपनीनं मधेच प्रोसेसर बदलला. तुमचा जुन्या घराण्यातला आहे, मिप्स म्हणतात त्याला. बिरदेवमामांचा आर्म, म्हणजे बहुतेक मोबाइलमध्ये असतो तो. दोघांना वेगवेगळी बांधणी लागणार.

आधी मला एक अवजार तयार करावं लागतं. ते चालतं माझ्या लॅपटॉपवर, पण त्यातून निघणारं सगळं दुसऱ्या प्रोसेसरच्या भाषेत असतं. मग त्या अवजारानं सिस्टिमचा गाभा, गाभ्यावर लागणारे लहानमोठे प्रोग्राम आणि शेवटी बोलणारा प्रोग्राम. हे सगळं आर्मसाठी एकदा आणि मिप्ससाठी पुन्हा एकदा. कंपनीत काम केलेल्या एका इंजिनिअरचा पत्ता शोधून मी त्याला लिहिलं होतं. शंभुलिंग त्याचं नाव, उमरग्याकडचा. त्यानं त्या पुणेकराच्या आवाजाच्या फायली आणि आतल्या हिरव्या पट्ट्यांची आखणी मालकांना विचारून पाठवली. सोबत एकच ओळ होती, “कुणीतरी विचारलं, बरं वाटलं.”

आता वाईट बातमी. ही खुली सिस्टिम सांभाळणाऱ्या लोकांनी जुन्या मिप्सचा भाग काढून टाकायचं ठरवलंय. ते चुकीचे नाहीत. तसलं मशीन आता कुणाकडे नाही, मग तपासणार कोण आणि विनाकारण ओझं वाहणार कोण? पुढच्या मार्चपर्यंत कुणी हात वर केला नाही, तर तो भाग जाईल. म्हणजे तुमचंच काम आधी हातात घ्यायला हवं. बिरदेवमामांच्या प्रोसेसरला मरण नाही, तो थांबू शकतो.

तुमची पाटी अजून चालते ना? ते कळवा, त्यावर सगळं ठरेल.

हर्षाली


अणदूर, 16 ऑगस्ट 2024

चि. हर्षाली,

पाटी चालते. थोडी कुरकुरते, पण चालते. तू तिची काळजी करू नको.

बिरदेवचं आधी कर. तुझा हिशेब प्रोसेसरचा आहे, माझा माणसाचा. त्याचा प्रोसेसर थांबेल, पण बिरदेव थांबू शकत नाही. गेल्या आठवड्यात लांडग्यानं दोन कोकरं नेली. पलीकडच्या वस्तीवर माणसं होती, पण याला हाक मारता आली नाही. दीपाली सांगत होती, दोन दिवस म्हातारा जेवला नाही.

स्टँडवर दोन गाड्या एकदम लागल्या, तर ज्या गाडीतली माणसं उन्हात उभी आहेत ती आधी सोडायची, असा माझा रिवाज होता. मार्चपर्यंत वेळ आहे. मी सावलीत आहे.

इकडं सगळं बरं चाललंय. फाट्यावर सोयाबीनच्या भावावरून रोज भांडणं. मामी तुझ्यासाठी शेंगाचटणी पाठवतेय.

मामा


बंगळुरू, 29 सप्टेंबर 2024

ती. मामांना शरणार्थ.

तुमचं ऐकलं. बिरदेवमामांच्या पाटीची सिस्टिम तयार आहे. या लिफाफ्यात नखाएवढं मेमरी कार्ड आहे, जपून काढा. ईटला कुणीतरी जाऊन ते पाटीच्या डाव्या फटीत बसवून द्यायला हवं. दीपालीला कसं बसवायचं ते फोनवर सांगेन.

चार वेळा बांधणी फसली. एकदा तर सगळं बरोबर दिसत होतं आणि तरी पडदा काळाच. शेवटी कळलं, की बांधणी करताना एक छोटी फाइल गुपचूप माझ्या लॅपटॉपचीच उचलली गेली होती. शंभर आर्मच्या फायलींत एक परकी, आणि सगळं ठप्प. ती सापडली तेव्हा मी ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर एवढ्या मोठ्यानं ओरडले, की कँटीनवाले अण्णा चहा घेऊन आले.

आता तुमची पाटी हातात घेते. तुमचं फाट्यावरचं भांडण एकदा मामीच्या फोनवर रेकॉर्ड करून पाठवा ना. फार दिवसांत त्या पुणेकराच्या तोंडून सोयाबीनचा भाव ऐकला नाही.

हर्षाली


अणदूर, 20 ऑक्टोबर 2024

चि. हर्षाली,

कार्ड घेऊन मी स्वतः ईटला जाऊन आलो. टपालावर भरवसा नव्हता म्हणून नाही. मला बघायचं होतं.

दीपालीनं कार्ड बसवलं. बिरदेव ओट्यावर पाठ करून बसला होता. बंद पडलेल्या वस्तूची आशा धरायची नाही, असं त्यानं ठरवून टाकलेलं. पडदा उजळला, चित्रं आली. दीपालीनं सहज म्हणून भाकरीचं चित्र दाबलं. पाटी बोलली, “भूक लागली.” म्हातारा गर्रकन वळला. उठला, पाटी तिच्या हातातून घेतली आणि एकामागून एक सगळी चित्रं दाबत सुटला. भूक लागली, पाणी द्या, थंडी वाजते, दवाखान्यात न्या, मेंढरं मोजा, बास झालं. दीपाली हसत होती आणि डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी तो मला भूमजवळच्या वाशीच्या बाजारात घेऊन गेला. दोन बोकड विकायचे होते. व्यापाऱ्यानं भाव सांगितला. बिरदेवनं बटण दाबलं, “परवडत नाही.” व्यापाऱ्यानं थोडा वाढवला. “परवडत नाही.” आणखी वाढवला. “परवडत नाही.” तोच आवाज, तोच सूर, ना राग ना लोभ. व्यापारी म्हणाला, “आरं, याला दुसरं काय येतंय का न्हाय?” बाजार जमा झाला. शेवटी व्यापाऱ्यानं हात जोडले आणि बिरदेवच्या मनासारखा भाव दिला. जाताना बिरदेवनं दाबलं, “बास झालं.” अख्खा बाजार हसला.

पोरी, मी आयुष्यभर गाड्या सोडल्या. कुठली गाडी कुठं पोचली, हे कधी बघायला गेलो नाही. तू बंगळुरूत बसून जी सोडलीस, ती वाशीच्या बाजारात पोचलेली मी डोळ्यांनी बघितली. तुझं काम मला अजूनही समजत नाही. पण ते किती मोठं आहे, ते कळलं.

रेकॉर्डिंगचं जमलं तर बघतो. मामीचा फोन नादुरुस्त आहे.

मामा


बंगळुरू, 3 नोव्हेंबर 2024

मामा,

शरणार्थ वगैरे आज शेवटी लिहीन. आज मी रागावले आहे.

मामीचा फोन नादुरुस्त आहे म्हणालात. काल मी त्याच फोनवर मामीशी अर्धा तास बोलले. दिवाळीचं बोलणं झाल्यावर म्हटलं, “मामांना जरा दोन शब्द बोलायला सांगा पाटीवर.” मामी म्हणाली, “कशानं बोलतील गं? नागपंचमीच्या आदल्या दिवशीच बंद पडली की ती. तुला ठाऊक न्हाय?”

नागपंचमी! म्हणजे ‘पाटी चालते ना’ या माझ्या प्रश्नाला तुम्ही उत्तर लिहिलंत तेव्हा ती बंद होती. तुम्ही ‘कुरकुरते’ लिहिलंत. फाट्यावरची भांडणं लिहिलीत. मामी म्हणते, तुम्ही तेव्हापासून फाट्यावर गेलाच नाहीत. कुणी आलं की झोपल्याचं सोंग घेता. आणि ईटपर्यंत तीन गाड्या बदलून गेलात, ते तोंडातून अवाक्षर न काढता, कंडक्टरला गावाचं नाव कागदावर लिहून दाखवत! ते पत्र मी ऑफिसात चौघांना वाचून दाखवलं होतं. बिरदेवमामांचा बाजार वाचून आम्ही हसलो. त्या हसणाऱ्या बाजारात तुम्ही मुके उभे होतात, हे मला माहीत नव्हतं.

मला का सांगितलं नाहीत?

शरणार्थ.
हर्षाली


अणदूर, 11 नोव्हेंबर 2024

चि. हर्षाली,

रागाव. तुझा हक्क आहे.

सांगितलं असतं, तर तू बिरदेवला बाजूला ठेवून माझं काम हातात घेतलं असतंस. तू माझी भाची आहेस, बिरदेवची नाहीस. माझ्याकडं पेन आहे. घरातल्यांना मी कागदावर लिहून दाखवू शकतो, तुला पत्र लिहू शकतो. बिरदेवकडं काय होतं? काठी. त्यापुढं मला दुसरं काही सुचलं नाही आणि अजूनही मी चुकलो असं वाटत नाही.

आणि बाजारात मी बिचारा होतो, असं समजू नकोस. बिरदेवचं ते बटण वाजत होतं तेव्हा मलाच बोलता आल्यासारखं वाटत होतं. इतका आनंद मला निवृत्तीच्या सत्कारालाही झाला नव्हता.

फाट्यावर जात नाही, हे खरं. लोक चांगले आहेत. पण मी वहीत उत्तर लिहीपर्यंत विषय पुढं गेलेला असतो. मी वही दाखवतो, ते मान डोलावतात. मान डोलावणाऱ्यांशी वाद कसा घालायचा?

तुला जमेल तेव्हा कर. घाई नको, पण आता खोटंही लिहिणार नाही. वाट बघतोय.

मामा


बंगळुरू, 12 जानेवारी 2025

ती. मामांना शरणार्थ.

सोबत कार्ड आहे. खरी पाटी इथं नसल्यामुळे मी लॅपटॉपमध्येच तुमच्या पाटीचं सोंग घेणारा एक प्रोग्राम चालवला आणि त्यात सिस्टिम उठवून बघितली. पडदा उजळतो, बटणं कळतात. आवाज मात्र त्या सोंगात तपासता येत नाही. तो तुमच्याच घरात पहिल्यांदा निघेल.

हात वर करायचं कामही केलं. सगळ्या जगाला जाणाऱ्या ईमेल-यादीवर लिहिलं, की जुना मिप्स काढू नका, मी सांभाळते. कुणीतरी विचारलं, आजच्या काळात हे मशीन वापरतं कोण? मी लिहिलं, भारतात अणदूर नावाच्या गावात माझे मामा वापरतात, बोलायला. मग हा भाग काढायचा प्रस्ताव ज्यांनी मांडला होता, त्यांचंच उत्तर आलं: “मशीनवर प्रत्यक्ष चालल्याचा पुरावा मार्चआधी द्या, मी प्रस्ताव मागं घेतो.”

तेव्हा कार्ड बसवा आणि मामीकडून रेकॉर्डिंग पाठवा. मामीचा फोन आता दुरुस्त असेल अशी आशा आहे.

हर्षाली


अणदूर, 22 जानेवारी 2025

चि. हर्षाली,

पडदा उजळला. अक्षरं आली. मी जुळवलं, “हर्षालीला आशीर्वाद” आणि हिरवं बटण दाबलं. पाटीतून पत्र्यावर वाळू घासल्यासारखी खरखर निघाली. दुसरं वाक्य, तीच खरखर. तुझी मामी कानावर हात ठेवून बाहेर गेली.

रेकॉर्डिंग मामीनं पाठवलं आहे. स्पीकर गेला असेल तर तो तुझा दोष नाही. नळदुर्गचा दुरुस्तीवाला म्हणतो, एवढ्या जुन्या पाटीचा स्पीकर आता मिळत नाही. तू एवढं केलंस, मशीनला उजेड आला, हे काय कमी आहे? मार्चपर्यंत नाही झालं तर वाईट वाटून घेऊ नको. मी लिहायला शिकलोय, भराभर.

मामा


बंगळुरू, 9 फेब्रुवारी 2025

ती. मामांना शरणार्थ.

स्पीकर शाबूत आहे! चूक सापडली!

तुमची खरखर मी ऑफिसला येता-जाता कानात घालून ऐकली. बसमध्ये शेजारची बाई मला वेडी समजली असेल. आणि तिसऱ्या दिवशी एक गोष्ट जाणवली. ती खरखर सारखी नाही. मधे थांबते. ‘हर्षालीला’ एवढं होतं, मग बारीकशी उसंत, मग ‘आशीर्वाद’ एवढं. बिघडलेला स्पीकर असा जागच्या जागी थांबत नाही. म्हणजे त्या खरखरीच्या आत तो पुणेकर तुमचंच वाक्य बोलत होता. फक्त आपल्याला कळेल असं नाही.

मग कारणही कळलं. आवाज म्हणजे मशीनच्या लेखी आकड्यांची रांग, आणि प्रत्येक आकडा दोन तुकड्यांत साठवलेला. माझ्या लॅपटॉपवर आणि बिरदेवमामांच्या पाटीवर लहान तुकडा आधी येतो, मोठा मागून. तुमची पाटी उलट वाचते, मोठा आधी. तेवीस म्हणावं तर ती बत्तीस समजते. शंभुलिंगने दिलेल्या फायली नव्या पाट्यांच्या काळातल्या होत्या, त्या लहान-तुकडा-आधी पद्धतीच्या. तुमची पाटी बिचारी प्रामाणिकपणे प्रत्येक आकडा उलटा वाचत होती.

मी बोलणाऱ्या प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या. आता कुठल्या पाटीवर आहोत ते तो आधी बघतो आणि गरज असेल तर तुकडे फिरवून घेतो. नवं कार्ड सोबत आहे.

एक आणखी. सगळं जुळून आल्यावर, हल्ली जो नवा स्वस्त प्रोसेसर निघालाय, रिस्क-फाइव्ह, त्याच्यासाठीही मी तीच बांधणी करून बघितली. तुमच्यासाठी एवढे महिने लागले, त्याला आठवडाही लागला नाही. म्हणजे आता कुणाला नवी पाटी बनवायची असेल, तर बंद पडलेल्या कंपनीची वाट बघायला नको. शंभुलिंगला कळवलं, तर तो म्हणाला की पहिल्या पाच पट्ट्या तो स्वतः जोडून देईल.

तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिता, की माझं काम मोठं आहे. मामा, मी यात बरीच वर्षं आहे. मोठी माणसं मी पाहिली आहेत, फार हुशार. पण स्वतः मुकं राहून दुसऱ्याची पाटी आधी करून घेणारा माणूस पाहिला नव्हता. बिरदेवमामांचं आधी केलं म्हणूनच मला कळलं, की आवाजाच्या फायली चांगल्या आहेत आणि चूक तुमच्या पाटीच्या वाचण्यात आहे. तुमचं आधी केलं असतं, तर मी फायलीच खराब समजून फेकल्या असत्या.

कार्ड बसवा. आणि या वेळी जे होईल ते खरं लिहा.

हर्षाली


अणदूर, 23 फेब्रुवारी 2025

चि. हर्षालीस मामाचा आशीर्वाद, आणि या वेळी नुसता कागदावर नाही.

रेकॉर्डिंग तुला काल मिळालंच. तुझ्या त्या दूरदेशीच्या माणसाचा निरोप मामीनं वाचून दाखवला. त्यानं प्रस्ताव मागं घेतला आणि खाली लिहिलंय म्हणे, की आवाज ऐकला, भाषा कळली नाही, पण माणूस भांडतोय हे कळलं. त्याला सांग, बरोबर कळलं. फाट्यावरचं रेकॉर्डिंग होतं ते. सहा महिन्यांचं तुंबलेलं एकदम निघालं. हॉटेलवाला शेवटी म्हणाला, “मामा, आता पाटीला श्वास तरी घेऊ द्या.” बिरदेवलाही मामीच्या फोनवरून ऐकवलं. त्यानं पलीकडून बटण दाबलं, “बास झालं.” दीपाली म्हणाली, म्हातारा हसून हसून खोकला.

पण हे सगळं नंतरचं. तू खरं लिहा म्हणालीस, म्हणून पहिला शब्द कुठला निघाला ते सांगतो.

कार्ड दुपारी आलं. मी एकट्यानंच बसवलं. पुन्हा खरखर निघाली तर कुणी जवळ नको, असं वाटत होतं. पडदा उजळला. काय लिहावं याचा विचार मी महिनाभर करून ठेवला होता. तुझं नाव, तुझ्या आईचं नाव, मग देवाचं. चांगलं तीन ओळींचं भाषण तयार होतं.

तुझी मामी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, माझ्याकडं पाठ करून. गेले सहा महिने तिच्याशी काही बोलायचं, तर मला उठून तिच्यासमोर जाऊन उभं राहावं लागायचं. तिनं वळून बघितलं तरच माझं बोलणं सुरू व्हायचं. मागून तिला हाक मारणं माझ्यासाठी संपलं होतं. भाषण राहिलं बाजूला. मी दोनच अक्षरं दाबली आणि हिरवं बटण.

पाटी म्हणाली, “अगं.”

आणि भाकरी थापता थापता, मान न वळवता, रोजच बोलतो अशा सुरात तुझी मामी म्हणाली, “काय?”

मग तिचे हात थांबले.

तुझा
विरुपाक्ष मामा